जर्मनचं पदक

आमच्या स्वयंपाकघरात जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची किटली. माझ्या आईच्या तोंडी हाच शब्द होता आणि तिच्या आईच्याही. बाहेरच्या खोलीत मात्र जर्मन म्हणजे खरेखुरे जर्मन. तिथे आमचे हे बसायचे. हे म्हणजे माधव आगाशे, लष्करी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले कारकून आणि जुन्या लष्करी पदकांचे पुण्यातले एकमेव जाणकार. 'एकमेव' हे त्यांचं स्वतःचं मत. दोन खोल्यांच्या मध्ये एक उंबरठा आणि एक पडदा. एका रविवारी आतला शब्द उंबरठा ओलांडून बाहेर गेला आणि त्यानं एका घराचा घात केला. मी सुहासिनी, यांची बायको. महापालिकेच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. चूक शब्दाची असेल तर ती माझ्याच विषयातली, म्हणून हे मी लिहिते आहे. यांनी लिहिलं असतं तर पहिल्या ओळीत पदकाचं वजन आलं असतं.

यांना हा नाद नोकरीतच लागला. पेन्शनच्या भानगडी घेऊन म्हातारे शिपाई यायचे, पुरावा म्हणून छातीवरची पदकं काढून टेबलावर ठेवायचे. साहेब लोक ती बाजूला सारायचे आणि हे उचलून बघायचे. आधी इंग्रजांची पदकं कळायला लागली. मग युद्धातून आपल्या लोकांनी आणलेली जर्मनांची. भोर, मुळशी, साताऱ्याकडची पुष्कळ माणसं इटलीत आणि आफ्रिकेत जाऊन आली होती. कुणी मेलेल्याच्या खिशातून काढून आणलेलं, कुणी कैद्याला सिगारेटी देऊन बदल्यात घेतलेलं. ती पदकं पत्र्याच्या ट्रंकांत निवांत पडून होती. नव्वदनंतर पुण्यात पैसा खेळायला लागला तशा त्या ट्रंका उघडल्या. नातवंडं आजोबांचं पदक घेऊन शनिवार पेठेतला आमचा जिना चढायला लागली. घेणारेही निघाले. सॉफ्टवेअरमध्ये कामाला लागलेली मुलं, ज्यांना नव्या फ्लॅटच्या भिंतीवर टांगायला एखादं युद्ध हवं होतं.

हे कुणाकडून काही घेत नसत. पदक कुठलं, कुठल्या सालातलं, खरं की खोटं, आणि बाजारात काय भाव येईल, एवढं सांगायचे. मोबदला म्हणून समोरच्यानं मान डोलवायची. ती नीट डोलवली नाही तर तेच पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागे.

कामाची रीत ठरलेली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरायचं. मग चुंबक. मग भिंग. शेवटी सोनाराचा छोटा तराजू. चुंबक पहिल्यांदा का, तर जर्मनांचं सगळ्यात नावाजलेलं जे पदक, लोखंडी क्रॉस, ते नावाप्रमाणे आतून लोखंडाचं असतं, कडेनं चांदीची पट्टी. नकला पाडणारे कसल्यातरी मऊ धातूत ओततात. खरं असेल तर चुंबकाला चिकटतं, नसेल तर नाही. "पुढचं सगळं शिक्षण नंतर, आधी चुंबक," असं हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे.

आणि दुसरा नियम म्हणजे, "गोष्ट नको, वस्तू दाखवा." प्रत्येक पदकाबरोबर एक गोष्ट येते हो. आमच्या आजोबांनी जनरल मारला. आमच्या पणजोबांना हिटलरनं हातानं दिलं. यांचं म्हणणं, गोष्ट ऐकली की डोळा बिघडतो. माणूस रडवेला होऊन सांगतो आणि आपण नकली मालाला खरं म्हणून बसतो. नियम चांगलाच होता. वर्षानुवर्षं त्या नियमानं यांचा शब्द राखला. म्हणूनच मला त्याचा राग येतो.

पोपट रणपिसे आला तेव्हा बाहेरच्या खोलीत सौरभ बसला होता. सौरभ म्हणजे त्या संगणकवाल्या मुलांपैकी सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि यांचा सगळ्यात मोठा श्रोता. पोपट पन्नाशीचा, अंगात सुरक्षारक्षकाची निळी पँट आणि वर साधा शर्ट. पिंपरीकडच्या एका कारखान्यात तो फिटर होता. कारखान्यानं घरी बसवलं तेव्हापासून एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फाटकावर उभा राहत होता. राहायला धायरी. एवढं त्यानं दारातच सांगून टाकलं, जसं फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्यांकडून तो स्वतः वदवून घेत असेल. मग निळा रुमाल उलगडून त्यानं टेबलावर एक काळा क्रॉस ठेवला.

"माझे वडील नागोराव रणपिसे, सर. इटलीत होते. पायोनियरमध्ये, म्हणजे बंदूक नाही, खोदकामाला. तिथं एक जर्मन—"

"गोष्ट नको," हे म्हणाले.

पोपट थांबला. पण पुरता गप्प बसला नाही. "बरं सर. एवढंच सांगतो. आई आजारी आहे, आता फार दिवसांची नाही. आमची गल्ली या पदकावरून तिला जन्मभर हसली. वडील गेले, तरी हसतात. मला किंमत नको, विकायचं नाही. जाणत्या माणसानं बघून खरं आहे म्हणावं, एवढं तिला ऐकायचंय. आज विचारून येतो म्हणून तिला शब्द देऊन आलोय."

मी आत चहा टाकला होता. पडद्याच्या फटीतून मला टेबल दिसत होतं. यांनी क्रॉस उचलला, भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवला. चुंबक तिथेच, कोपराजवळ होतं. त्याला हात लावला नाही. का, तर हे सौरभला समजावून देण्यात रंगले होते.

"बघ. खालच्या टोकाला साल १९३९. म्हणजे मध्ये काय हवं? स्वस्तिक. युद्धानंतर जर्मनांना त्याची लाज वाटली. सत्तावन्न साली त्यांनी कायदा करून ते काढलं आणि त्या जागी ओकच्या झाडाची पानं बसवली. म्हणजे मध्ये एकतर स्वस्तिक हवं, नाहीतर पानं हवीत. इथे काय आहे? सपाट. आणि वर चक्क ऑइलपेंट फासलाय." मग पोपटकडे वळून, "खोटं आहे हे."

"सर, नीट बघा ना," पोपट म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जर्मनचंच आहे ते. बाबा सांगायचे, जर्मनचं आहे म्हणून."

"जर्मनचं तर आहेच हो," हे म्हणाले. "पातेलं वितळवून केलेलं दिसतंय."

सौरभ खो खो हसला. असल्या वाक्यांवर पुण्यात माणसाची प्रतिष्ठा ठरते. चार लोक ते वाक्य पुढे नेतात आणि म्हणतात, आगाशे काय बोलले माहितीये का. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा पोपट रुमालाची टोकं एकावर एक घडी करत होता. क्रॉस आत, त्यावर एक टोक, त्यावर दुसरं.

"हेच म्हणतात सर," तो म्हणाला. "गल्लीतले. बाबांना हेच म्हणायचे, अगदी याच शब्दात. मला वाटलं होतं, शिकलेला माणूस निदान दुसरं काही म्हणेल."

चहा तसाच राहिला. आमच्याकडे आल्यागेल्याला आमच्याच कपातून चहा मिळतो, शिवाशिव आमच्या घरात कधी नव्हती, असं आम्ही मोठ्या अभिमानानं सांगत आलो. शिवाशिव नव्हती, खरं आहे. त्या लोकांबद्दल ठाऊकही काही नव्हतं.

पातेल्याचा विनोद पुढचा आठवडाभर चालला. माझ्या जुन्या सहकारी हिरा ओव्हाळ घरी आल्या, तर हे उत्साहानं त्यांनाही सांगायला लागले. ओव्हाळबाई हसल्या नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली.

"रणपिसे म्हणालात ना? आणि मध्ये सपाट होतं?"

"सपाट. वर काळा रंग."

"मग घासलं असेल," ओव्हाळबाई म्हणाल्या. "छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला. घरातले देव नदीत सोडले. जे सोडवत नव्हतं, त्यावरचं घासून काढलं. माझ्या आजोबांनी पितळी तांब्यावरचं 'श्री' कानशीनं घासलं होतं. तांब्या अजून वापरते मी. भरताना बोट बरोब्बर त्या खड्ड्यात जातं. त्याच्या बापाला जर्मनांचं काय माहीत असणार? त्याला स्वस्तिक म्हणजे उंबऱ्यावरचं, ज्या उंबऱ्याच्या आत त्याला घेत नव्हते."

हे उभेच राहिले. मग टेबलाशी गेले, चुंबक हातात घेतलं आणि नुसतेच त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाला मी चाळीस वर्षं ओळखते. वाद हरल्यावर ते चिडतात, आवाज चढवतात, पुस्तक काढून आणतात. त्या दिवशी त्यातलं काही नाही. "मी चुंबक लावलंच नाही," म्हणाले, आणि चेहरा असा झाला की ओव्हाळबाईंनीच त्यांना पाणी आणून दिलं.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. जेवण सुटलं. ताटावर बसायचे आणि उठायचे. एकदा मी स्वयंपाकघरात आले तर हे फळीवरच्या एकेका भांड्याला चुंबक लावून बघत होते. तवा चिकटला. किटली चिकटली नाही. पुन्हा तवा. "दोन सेकंद लागतात गं याला," मला म्हणाले. "दोन सेकंद." मी म्हटलं, "मग जा आणि त्याला शोधून सांगा, माझी भांडी काय बडवताय?" बोलले खरी, पण मलाही आत कुठेतरी धसका बसला होता. ती म्हातारी फार दिवसांची नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं.

हे रोज धायरीची बस पकडून जायला लागले. पत्ता घेतलेला नाही, कारण पत्ता म्हणजे गोष्टच की. धायरी आता गाव राहिलेलं नाही. एकीकडे जुनी घरं, एकीकडे चार मजली इमारती, त्यांच्या मध्ये विटांचे ढीग. हे इमारतीखालच्या प्रत्येक रखवालदाराला विचारत फिरायचे, पोपट रणपिसे इथे कुठे राहतात? संध्याकाळी धुळीनं माखून यायचे आणि खुर्चीत बसून म्हणायचे, "ती गेली असेल का गं?" शेवटी ओव्हाळबाईंनीच सांगितलं, इमारतींमध्ये काय शोधताय, विहारात जाऊन विचारा. विहारात पहिल्याच माणसानं बोटानं घर दाखवलं. "जर्मनवाले रणपिसे ना? तिसरं दार." घराला हेच नाव पडलेलं. त्या दिवशी मी बरोबर होते.

दार पोपटनं उघडलं. आम्हाला बघून तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. "आई पडलीय आत. हळू बोला."

यांनी सगळं एका दमात सांगितलं. स्वस्तिक, कानस, छप्पन्न साल, चुंबक. हात जोडले. "पोपटराव, ते खरं असणार. मी चुकलो. आणा, मी आत्ता तुमच्या आईसमोर तपासतो." खिशातून चुंबक काढून दाखवलं, जणू तोच माफीचा कागद.

पोपट चुंबकाकडे बघत राहिला. "ते घरात नाही आता," म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. त्या रविवारी तो घरी गेला. आई उशी टेकून बसून राहिली होती, नुसती दाराकडे बघत. तिनं विचारलं, काय म्हनले सायेब? हा म्हणाला, जर्मनचं हाय म्हनले. आणि म्हातारीचा चेहरा फुलला. तिनं टाळी वाजवली. जर्मनचं हाय म्हनले! जाणता मानूस म्हनला, जर्मनचं हाय!

"तिथंच थांबायला पाहिजे होतं मी," पोपट म्हणाला. "तिला काय कळणार होतं? खुशीत होती. पण माझं डोकं फिरलं होतं सर. मी म्हटलं, तसलं जर्मन नाही आई. पातेल्याचं. बाबा आपल्याशी खोटं बोलला." त्यानं ओढून घेतलेल्या दाराकडे एकदा वळून बघितलं. "दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर. गल्लीत भंगारवाला आला. तिनं शेजारणीला हाक मारून जुनी जर्मनची भांडी मोडीत घातली, आणि त्यातच तेही. म्हणाली, जर्मनचं हाय तर जर्मनमदी जाऊ दे. तेव्हापासून नीट जेवत नाही."

"पण ते खरं आहे हो!" हे जवळजवळ ओरडले.

"त्या दिवशी बघून खोटं म्हणालात. आज न बघता खरं म्हणताय. आईला यातलं कुठलं सांगू?"

मीच म्हटलं, भंगारवाला कुठे बसतो ते तरी माहीत आहे का? सिंहगड रस्त्याला त्याचं दुकान होतं. आम्ही तिघं एका रिक्षात दाटीवाटीनं बसून निघालो. रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती आणि वाटेत यांनी, ज्यांनी आजवर कुणाची गोष्ट ऐकून घेतली नव्हती, त्यांनी विचारलं, "ती गोष्ट काय होती?"

पोपटनं रस्त्याकडे बघतच सांगितली. नागोराव इटलीत खड्डे खणायचे. रस्त्याचे, तंबूचे आणि मेलेल्यांचे. एका ठिकाणी जर्मन कैद्यांमधला एक तरुण पोरगा आपल्या मेलेल्या भावाला सोडायला तयार होईना. सगळ्यांना एकाच चरात टाकायचा हुकूम होता. भाषा कुणाला कळत नव्हती, पण नागोरावांना भाऊ कळला. काम संपल्यावर त्यांनी त्याच्यासाठी वेगळा खड्डा खणला, पुरता खोल, कडा साफ केलेला. माती लोटून झाल्यावर तो जर्मन ताठ उभा राहिला आणि त्यानं नागोरावांना सलाम ठोकला. मग खिशातून हा क्रॉस काढून त्यांच्या हातात ठेवला.

"आमच्या गावात माझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढली सर. उभ्या जन्मात त्याला कुणी बरं केलंस असंसुद्धा म्हटलं नाही. बाबा म्हणायचे, खड्डा खणल्याबद्दल मला सलाम मिळालाय. पानशेतच्या पुरात घर गेलं, भांडीकुंडी गेली, पदक त्यांच्या कमरेला होतं. छप्पन्न साली कानस घेऊन बसले तेव्हा आईनं विचारलं, सगळंच का टाकत नाही? तर म्हणाले, चिन्ह घासतो, सलाम ठेवतो." पोपटनं डोळे पुसले नाहीत, नुसते बारीक केले. "हे मला पाठ होतं. आणि तरी तुम्ही एकदा म्हणालात आणि मी मानलं. माझ्या बापापेक्षा तुमचं."

ज्यांच्या सैन्याच्या छातीवर ते चिन्ह होतं, त्यांचं राज्य टिकलं असतं तर नागोरावांसारख्यांना त्यांनी कुठल्या चरात टाकलं असतं ते मला माहीत आहे. नागोरावांना माहीत होतं का, कोण जाणे. पण कानस त्यांनीच चालवली, आणि जर्मनांनी तसा कायदा केला त्याच्या आदल्याच वर्षी. ही गोष्ट सौरभला सांगायला हवी होती. त्याला सांगण्यासारखं यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

भंगारवाल्याचं नाव बद्रीनाथ. दुकानासमोर एका बाजूला पातेली, डबे, झाऱ्या असा जर्मनचा डोंगर, दुसरीकडे गंजक्या सळया आणि पत्रे. हे सरळ जर्मनच्या ढिगाशी गेले आणि गुडघे टेकून दोन्ही हातांनी भांडी उपसायला लागले. चेंबलेली पातेली खणखणत रस्त्यावर घरंगळत होती. लोक थांबून बघायला लागले. "अहो काका, काय पाहिजे काय?" बद्रीनाथ धावत आला.

पोपटनं सांगितलं. काळा क्रॉस, एवढा, कडेनं पांढरी पट्टी. धायरीतून, जर्मनच्या भांड्यांबरोबर.

"हां, ते फुलासारखं?" बद्रीनाथ म्हणाला. "ते जर्मन नव्हतंच. मी गाडीला चुंबक बांधलेलं असतं, जर्मनमधून लोखंड घालतात ना लोक. ते टक्कन चिकटलं. म्हातारी जर्मनच्या भावात देत होती, मी म्हटलं, आजी, हे लोखंड आहे, याचा भाव कमी. ती म्हणाली, घेऊन जा बाबा, काय असेल ते." त्यानं सळयांच्या बाजूला हात केला. तिथे जमीन बरीच रिकामी होती. "लोखंडात टाकलं. लोखंडाचा ट्रक मागच्या आठवड्यात जालन्याच्या भट्टीला गेला."

हे पातेल्यांच्या ढिगात तसेच बसून राहिले. पोपट मात्र पुढे झाला.

"चिकटलं होतं? तुम्ही स्वतः बघितलं?"

"बघितलं म्हणजे? ओढून काढावं लागलं."

"लोखंडाचं होतं," पोपट म्हणाला. मला नाही, यांना नाही, कुणालाच नाही. "लोखंडाचंच होतं." आणि मग तो भर रस्त्यात, त्या खणखणणाऱ्या भांड्यांच्या मधोमध, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. आत्तापर्यंत बापाला खोटा समजणं तरी सोपं होतं. आता बाप खरा होता आणि त्याचा सलाम भट्टीत गेला होता.

"मी जालन्याला जातो," हे म्हणाले. "आत्ता निघतो."

"सर, भट्टी आहे ती," पोपट म्हणाला.

परतताना रिक्षात हे मध्येच बोलले, "माझ्याकडे एक आहे. अगदी असाच, त्याच सालातला. मी त्यावरचं स्वस्तिक घासून देतो. काळा रंग लावतो. तुमच्या आईच्या हाताला फरक कळणार नाही." ज्यानं नकली पदकाला घरात जागा दिली नाही, तो हा माणूस. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"नको सर," पोपट म्हणाला. "एकदा खोटं म्हणून झालं. आता खरंच खोटं तिच्या हातात नको."

पोपटची आई सुंदराबाई जागी होती. लहानसं शरीर, चादरीखाली जेमतेम दिसणारं. डोक्याशी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली नागोरावांचा फोटो, फेटा बांधलेला. पोपटनं तिच्या कानाशी वाकून सांगितलं, आई, ते सायेब आलेत, पदकवाले. तिनं मान वळवली नाही.

हे खाटेशी खाली जमिनीवर बसले. "आजी, माझी चूक झाली. मी नीट न बघता बोललो. भंगारवाल्याकडे जाऊन आलो, ते पातेल्याचं नव्हतं. लोखंडाचं होतं, आतून लोखंड, बाजूनं चांदी. जर्मनांचंच होतं, अस्सल. तुमच्या मालकांनी सांगितलं ते सगळं खरं होतं."

ती आता हळूहळू वळली. बराच वेळ यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "पुन्यांदा म्हना," म्हणाली.

"खरं होतं. सगळं खरं होतं."

"आयकलंस का रं पोपट?" तिच्या आवाजात कुठून बळ आलं कोण जाणे. "जाणता मानूस सांगतोय. त्या पोरानं सलाम केला व्हता ह्यांना. मी कवाधरनं सांगतीया." तिनं उशीला हात लावून उठायचा प्रयत्न केला, तेव्हा मी तिला मागून आधार दिला. पाठ नुसती हाडं. ती हसत होती. तिनं आपला उजवा हात चादरीबाहेर काढला, तळवा वर करून यांच्यापुढे धरला आणि म्हणाली,

"मग आना की. द्या माझ्या हातात."

यांनी पोपटकडे बघितलं, पोपटनं भिंतीकडे. तो हात तसाच पुढे होता.

"पुण्याला... घरी ठेवलंय," हे म्हणाले. जन्मात या माणसाच्या तोंडून असली गोष्ट निघाली नव्हती. "नीट पुसूनबिसून ठेवलंय."

"मग कवा आनताय?"

"रविवारी. रविवारी घेऊन येतो."

म्हातारीनं मुलाकडे बघितलं, खरं का, असं विचारल्यासारखं. गेल्या वेळी तो थांबला नव्हता. त्यानं आईचा पुढे आलेला हात हलकेच मिटला, चादरीखाली घेतला आणि म्हणाला, "हां आई. रविवारी आणणार हायेत."

रविवारी आम्ही गेलो. हे रिकाम्या हातानं निघाले होते, आणि काय सांगायचं ते बसभर जुळवत होते. तिसऱ्या दाराबाहेर चपला पडल्या होत्या, पार रस्त्यापर्यंत.